काकाजींची पाटी आणि माझा गहू

आमच्या घरमालकांइतका वाचणारा माणूस मंठ्यात तर नाहीच, सबंध जालना जिल्ह्यात असेल असंही मला वाटत नाही. त्यांचं वाचायचं यंत्र आधी पाण्यात बुडवणारा, मग तेलात घोळणारा आणि वर त्याबद्दल खोटं बोलणारा विज्ञानशिक्षकही माझ्याशिवाय दुसरा सापडायचा नाही. पहिली गोष्ट मी आल्यागेल्याला अभिमानानं सांगत आलो. दुसरी मात्र मे महिन्यापासून पर्युषणापर्यंत पोटात ठेवली, आणि ती तिथे पचली नाही. म्हणून काकाजींबद्दल लिहायला बसलो तरी सुरुवात माझ्या चुकीपासूनच करावी लागते. ती बाजूला ठेवून त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहिलं, तर ते आणखी एक खोटं होईल.

काकाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे त्यांचं घर, आणि वरच्या मजल्यावर अकरा वर्षांपासून आम्ही भाडेकरू. चार पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज राजस्थानातून आले. घरात काकीजींशी बोलताना ते मारवाडी बोलतात, पण गिऱ्हाइकाशी अशी मंठ्याची मराठी बोलतात की मी मूळचा गंगाखेडचा असून परका वाटतो. दुकानात नवा माल असतो, पण त्यांची कीर्ती नव्या मालासाठी नाही. तीन तालुक्यांतली माणसं त्यांच्याकडे येतात ती बंद झालेल्या मालासाठी. कंदिलाची काच, वातीच्या स्टोव्हची चकती, हातपंपाचा चामडी वायसर, जुन्या कडबा-कापणीच्या यंत्राचा दातेरी पट्टा, कुठल्याशा काळात कुठल्याशा कारखान्यानं केलेल्या कुलपाची चावी. माणूस येतो, फडक्यात गुंडाळलेला तुकडा काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "शेठजी, सगळे म्हणून राह्यले, हे बंद झालं." काकाजी तो तुकडा हातात घेतात, उलटा करतात, नाकाशी नेतात आणि म्हणतात, "कंपनीनं बंद केलं असंल. आपण थोडंच केलं?" मग माळ्यावर चढतात. पाच मिनिटं वरून डबे सरकवल्याचा आवाज येतो. आणि उतरतात तेव्हा त्यांच्या हातात ती वस्तू असते. हे मी शंभरदा तरी पाहिलं असेल, तरी दरवेळी माझ्या तोंडून "बाप रे" निघतंच. आष्टीकडची एक म्हातारी तर स्टोव्हची चकती मिळाल्यावर काकाजींच्या पायाच पडली होती. काकाजी मागे सरकत म्हणाले, "मावशी, माझ्या न्हाई, त्या माळ्याच्या पाया पडा."

वस्तू नाकाशी नेण्याची ही सवय जरा सांगायला हवी. काकाजी वास घेतल्याशिवाय कुठलाच माल घेत नाहीत. दोरखंडाचा वास घेऊन तो कोणत्या पावसाळ्यात भिजलाय ते सांगतात. सिमेंटची गोणी उघडायच्या आधी शिवणीशी नाक नेतात. एकदा एका एजंटानं जवसाच्या तेलाचा डबा आणला. काकाजींनी झाकण काढलं, श्वास ओढला आणि झाकण परत लावलं. "ह्यात रॉकेल हाय." एजंट शपथा घेऊ लागला. काकाजी शांतपणे म्हणाले, "भाऊ, शपथ तोंडानं घेता येते. वास नाकानं घ्यावा लागतो." मी शाळेतून आणलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचाही त्यांनी एकदा वास घेतला आणि म्हणाले, "सर, दोन पोरांनी जेवता जेवता पेपर लिहिलाय." मी तपासायला बसलो, तर एका पेपरावर लोणच्याचा डाग निघाला. दुसरा पेपर मला सापडला नाही, पण तोही असणारच.

आता वाचनाबद्दल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकाजींना छापील अक्षर टोचायला लागलं. तेव्हा त्यांच्या पुण्याच्या मुलीनं त्यांना ई-बुक रीडर आणून दिला. करड्या रंगाचा, तळहाताएवढा, दोन्ही कडांना पान पुढे-मागे करायची दाबायची बटणं असलेला. काकाजींनी त्याला पहिल्याच दिवशी 'पाटी' म्हटलं आणि मग सगळी गल्ली पाटीच म्हणू लागली. अक्षर त्यांनी एवढं मोठं केलं होतं की एका पानावर नऊ ओळी बसायच्या. नऊ ओळींच्या हिशेबानं त्यांनी त्यावर प्रवासवर्णनं वाचली, शेतीची पुस्तकं वाचली, जैन आगमांची भाषांतरं वाचली, मधमाश्यांवरचा एक ग्रंथ तीनदा वाचला. गिऱ्हाइकाला खिळे तोलून देताना डाव्या हाताच्या अंगठ्यानं पान उलटायचे. नजर पाटीवर, कान गिऱ्हाइकाकडे, उजवा हात तराजूवर, आणि तिन्हींत चूक नाही. परतूरला किंवा जालन्याला जायचं असलं की माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचे आणि पाटी माझ्या पाठीला टेकवून वाचायचे. खड्डा आला की मागून आवाज यायचा, "सर, ओळ गेली." मी गाडी हळू करायचो. माझ्या पाठीचा असा उपयोग माझ्या आईवडिलांनी कधी कल्पिला नसेल, पण मला त्याचा मोठा अभिमान होता. त्या पाठीवर किती पुस्तकं वाचून झाली असतील!

पाटीची एकच खोट काकाजी सांगायचे. "सगळं बराबर हाय सर. फक्त वास न्हाई. कुठल्याच पुस्तकाला वास न्हाई."

आणि सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्यांचं सामायिक. काकाजी स्थानकवासी जैन. रोज सकाळी पांढरी वस्त्रं नेसून, तोंडाला मुहपत्तीची कापडी पट्टी बांधून, वाळूची घडी उलटी करून अठ्ठेचाळीस मिनिटं कटासनावर, म्हणजे लोकरीच्या छोट्या बैठकीवर बसतात. त्या वेळात संसाराचं बोलणं नाही, आणि विजेवर चालणाऱ्या कशालाही हात नाही. म्हणजे पाटीही नाही. पण पाटीची एक गंमत त्यांना जालन्याच्या एका दुरुस्तीवाल्यानं सांगितली होती. एकदा पान उघडलं की ते तसंच ठेवायला तिला वीज लागत नाही, वीज लागते ती फक्त पान उलटताना. काकाजींनी मला बोलावून हे खरं का ते विचारलं. मी विज्ञानशिक्षकाच्या तोऱ्यात म्हणालो, "खरं आहे. फळ्यावर खडूनं लिहिलं की ते राहतं, तसंच." झालं. त्यांनी दुरुस्तीवाल्याकडून पाटीचं आपोआप झोपणं बंद करून घेतलं आणि रोज सामायिकाच्या आधी एक पान उघडून पाटी लाकडी स्टँडवर ठेवायला सुरुवात केली. मग अठ्ठेचाळीस मिनिटं नऊ ओळी. हात न लावता. मी एकदा विचारलं, "काकाजी, नऊ ओळींत एवढा वेळ काय वाचता?" ते म्हणाले, "पहिल्यांदा वाचतो ते लिहिणाऱ्याचं. दहाव्यांदा वाचतो ते आपलं." मी वर्षाला साडेतीनशे मुलांना धडे वाचून दाखवतो. त्या दिवशी वर्गात गेलो तेव्हा पहिल्याच परिच्छेदापाशी थांबलो आणि पुढे जायला मला लाज वाटली.

अशी ही पाटी. ती काकाजींनी कधी कुणाला दिली नव्हती. या वर्षी मे महिन्यात मला दिली.

राजस्थानात नात्यातलं लग्न होतं. दोघं दहा दिवसांसाठी निघाले. पाटी न्यावी असं काकाजींच्या मनात होतं, पण काकीजींनी ठणकावलं, "तिथं कोपऱ्यात बसून वाचलं तर व्याही म्हणतील, ह्यांना आमचं लग्न पसंत न्हाई." तेव्हा काकाजी पाटी घेऊन वर आले. तुळशीला पाणी घालायला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं, "सर, रिकामी ठेवली की बॅटरी मरते. रोज दहा पानं वाचा. एक दिवसाआड चार्ज करा. तुमच्याकडे हाय म्हणून मी बिलकुल बेफिकीर जाऊन राह्यलो."

पाच दिवस मी नेमानं वाचलं. पुस्तक एका नदीकाठच्या प्रवासाचं होतं. सहाव्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की भिंतीही तापून बोलतील. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून मी उठलो, पाटी कूलरच्या टपावर ठेवली, जाळी काढली आणि बादली ओतली. बादलीचा कान टपाला लागला आणि पाटी सरळ टाकीत गेली. मी हात घालून काढेपर्यंत तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

भिजलेलं यंत्र तांदळात ठेवावं हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या घरी तांदूळ दोन मुठी उरला होता. मी विचार केला, धान्य ते धान्य. नवा गहू कोठीत भरलेला होता. कोपरापर्यंत हात घालून मी पाटी गव्हात पुरली आणि कुणाला न सांगता दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी बायको दळणाला गहू काढायला गेली आणि कोठीपाशी तिनं मला हाक मारली. तिच्या हातात पाटी होती. पाटी चकचकत होती.

"अहो, हे काय?"

मी सांगितलं.

"गव्हाला मी एरंडेल चोळलंय. वरून निंबाचा पाला. तुमच्याच समोर तर दोन दिवस चोळून राह्यले होते. तेल लावलेला दाणा पाणी कसा ओढंल? विज्ञान शिकवता ना तुम्ही?"

वीस वर्षं मी सातवीच्या वर्गात तेल आणि पाणी एका नळीत घालून दाखवत आलोय. पुढच्या बाकावरच्या मुलीही सांगतील, ते मिसळत नाहीत. तिथे उभ्या उभ्या मला ती नळी दिसली.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्पिरिट आणून मी पाटी पुसली, तीनदा पुसली. पण बटणांच्या फटीत शिरलेलं तेल आत गेलं ते गेलंच. पाटी सुरू झाली नाही. फक्त शेवटी उघडं असलेलं पान तसंच राहिलं, कडेला दोन उभ्या रेघा, आणि मध्ये नऊ ओळी. एक प्रवासी नावेत बसलाय. नाव नदीच्या मध्यावर आलीय. नावाडी वल्हं थांबवून पलीकडच्या काठाकडे पाहतो, आणि प्रवासी त्याला विचारतो. तिथे पान संपतं. काय विचारतो ते पुढच्या पानावर, आणि पुढचं पान आता नाही.

काकाजी आले त्या दिवशी सकाळपासून मी वाक्यं जुळवत होतो. खरं सांगायचंच ठरवलं होतं. पण ते जिना चढून आले, हातात माझ्यासाठी तिकडच्या बाजरीच्या खाकऱ्यांचा डबा, आणि डोळे आधी डब्याकडे नाही, माझ्याकडे नाही, टेबलावरच्या पाटीकडे गेले. त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "काकाजी, आपोआपच बंद पडली हो. परवा वाचता वाचता. वय झाल्तं तिचं."

काकाजींनी पाटी उचलली. उलटी केली. नेहमीप्रमाणे नाकाशी नेली. थोडा वेळ तशीच धरली. मग उपरण्यानं पुसून म्हणाले, "हां. वय झालं की व्हतं असं." आणि खाली गेले.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सांगून टाका. तुम्ही न्हाई सांगितलं तर मी सांगते." मी म्हणालो, "नवी मिळाली की सांगतो." म्हणजे चूक भरून निघाल्यावर ती कबूल करायची. एवढा भित्रा कबुलीदार मी दुसरा पाहिला नाही.

मग नवी पाटी शोधायला सुरुवात झाली. आधी काकाजींनी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. फोन उचलणाऱ्या मुलीशी ते पाऊण तास बोलले. ती सांगत होती, ते मॉडेल बंद झालंय. काकाजींचा एकच प्रश्न होता. "बेटा, खराब होतं म्हणून बंद केलं का चांगलं होतं म्हणून?" काकाजींनीच तिला समजावलं की एखाद्या वस्तूचं बनवणं बंद केलं तरी तिचे सुटे भाग दहा-वीस वर्षं ठेवावे लागतात, माळा बांधावा लागतो, तो धर्म आहे. फोन ठेवताना मुलगी म्हणाली, "सर, तुमचं दुकान कुठं आहे? माझ्या आजीच्या शिलाई मशीनचा एक भाग मिळत नाही." तो भाग पुढच्या आठवड्यात टपालानं गेला. पाटी मात्र मिळाली नाही.

नंतर मी त्यांना संभाजीनगरच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेलो. विक्रेत्यानं तीन नवी यंत्रं समोर मांडली. तिन्हींना बटण नव्हतं. "टच करा काका," तो म्हणाला. काकाजींनी बोट टेकवलं. काही झालं नाही. पन्नास वर्षं खिळे, साखळ्या आणि तार हाताळून त्यांच्या बोटांची कातडी इतकी गुळगुळीत आणि कडक झालीय की बँकेच्या मशीनवरही त्यांचा अंगठा उठत नाही. त्यांनी जरा जोरात दाबलं. एकदम चाळीस पानं पुढे गेली. काकाजी अपराध्यासारखे म्हणाले, "अरे, चाळीस पानं न वाचता गेली." मग त्यांनी यंत्राकडे जरा वेळ पाहिलं. "ह्याच्यात उजेड कुठून येऊन राह्यला?"

"काका, नवीन सगळ्यात लाइट असतो. अंधारातही वाचता येतं."

"मंग ह्याच्यावर पाखरं किती येतील?"

विक्रेता गोंधळला. "काका, एक वर्षाची वॉरंटी आहे."

"पाखरांना?"

मी मध्ये पडून समजावलं की काकाजी जैन आहेत, उजेडावर येऊन जीव मरतात म्हणून सूर्य मावळल्यावर ते दिव्याखालीही फार बसत नाहीत. विक्रेत्यानं बिचाऱ्यानं उजेड शून्यावर आणून दाखवला. काकाजींनी यंत्र हातांच्या ओंजळीत अंधार करून आत डोकावून पाहिलं आणि खात्री करून घेतली. मग शेवटचा प्रश्न. "हे अठ्ठेचाळीस मिनिटं जागं राहील का?" ते दहा मिनिटांत झोपत होतं, आणि झोपलं की चित्र दाखवत होतं. काकाजींनी तिन्ही यंत्रं विक्रेत्याकडे सरकवली, त्याचे आभार मानले आणि जाता जाता त्याच्या काउंटरचा हलणारा बिजागर खिशातल्या पेचकसानं घट्ट करून दिला. विक्रेता तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मीही.

मग कुणीतरी सांगितलं, आष्टीला एका निवृत्त कृषी सहायकाकडे अगदी तसलंच यंत्र आहे. आम्ही मोटारसायकलवर निघालो. आठवणीत राहिलाय तो हा रस्ता. दोन्हीकडे सोयाबीन गुडघ्याएवढं झालेलं, आणि माझी पाठ रिकामी. तिच्यावर काहीच टेकलेलं नव्हतं, तरी ते न टेकलेलं ओझं मला आष्टीपर्यंत जाणवत होतं. दोनदा वाटलं, गाडी थांबवावी आणि सांगावं. दोनदा पुढे खड्डा आला आणि मी खड्ड्याचं निमित्त केलं.

कृषी सहायक भला माणूस होता. चहा झाला. त्यानं कपाटातून पाटी आणली. तीच, करडी, दोन्ही कडांना बटणं. काकाजींनी हातात घेताच त्यांचा डावा अंगठा आपोआप जागेवर गेला. त्यांनी बटण एकदा दाबलं. टक. पान उलटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. कृषी सहायक म्हणाला, "शेठजी, घेऊन जा. मी काय रोज वाचत न्हाई."

"रोज न्हाई, पण वाचता ना?"

"वाचतो कधीमधी. भाताचं पुस्तक हाय त्यात."

काकाजींनी मागचं बटण दाबून पान होतं तिथे परत आणलं आणि पाटी त्याच्या हातात दिली. "चालू हाय. चालू गोष्ट कशाला घ्यायची? बंद पडली की मला सांगा, मी जुळवून देतो." बाहेर आल्यावर मी जवळजवळ ओरडलोच, "काकाजी, तो देत होता!" ते मागे बसत म्हणाले, "माझी गेली म्हणून त्याची नेऊ का? चला सर, जल्दी. पाऊस येऊन राह्यला."

राखीच्या सुमाराला पुण्याच्या मुलीनं शेवटी नवी पाटी पाठवलीच. बटण नाही, उजेड आहे, दहा मिनिटांत झोपते. जुन्या पाटीतली सगळी पुस्तकं मात्र तिच्यात आपोआप आली होती. संध्याकाळी काकाजी ती घेऊन वर आले, आणि मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं, कारण त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"सर, तुमची बोटं मऊ हायेत. खडूची. ही तुमचं ऐकंल. तुम्ही वाचा आणि उजेड हाय तोवर मला खाली येऊन ऐकवा. रोज दहा पानं. माझा माळा धुंडाळून झाला. बदली माल हाच बराबर दिसतो."

बदली माल म्हणजे मी. जी पाटी मी मारली, तिच्या जागी त्यांनी मला निवडलं होतं.

तेव्हापासून रोज दिवस मावळायच्या आधी आम्ही दुकानाच्या ओट्यावर बसतो. मी वाचतो, ते ऐकतात. गिऱ्हाईक आलं तर मी ओळीवर बोट ठेवून थांबतो. काकीजी आतून म्हणतात, "सर, मोठ्यांदा वाचा, मला भाजी निवडता निवडता ऐकू आलं पायजे." जुन्या पाटीचं काय झालं, ते मी एक दिवस सकाळी खाली गेलो तेव्हा पाहिलं. ती सामायिकाच्या स्टँडवर होती. तेच पान, त्याच दोन रेघा, नाव नदीच्या मध्यावर. काकाजी सामायिकातून उठल्यावर हसून म्हणाले, "आता हिच्यात वीज बिलकुल न्हाई. उजेड न्हाई. झोपायचं न्हाई. सामायिकाला हिच्याइतकी शुद्ध पाटी दुनियेत न्हाई सर."

"पण काकाजी, हे तर प्रवासवर्णन. धर्माचं पुस्तक थोडंच आहे?"

"चातुर्मासाला साध्वीजी आल्यात, त्यांनाबी मी विचारलं. नदी पार करायचंच तर लिहिलंय म्हटलं. तीर्थंकर म्हणजे काय? पार जायला घाट बांधणारे. मंग हे वेगळं काय हाय? साध्वीजी हसल्या. न्हाई म्हणाल्या न्हाईत."

माझ्या हातून मेलेल्या वस्तूचा या माणसानं देव करून ठेवला होता, आणि मी त्याच्यापुढे खोटा उभा होतो. राखीनंतर आठेक दिवसांनी एका संध्याकाळी वाचता वाचता तेच पुस्तक आलं आणि मी त्या नावेच्या पानापर्यंत पोचलो. पुढच्या पानासाठी बोट उचललं तर काकाजींनी हात वर केला. "थांबा सर. हे पान माझ्याकडे हाय. पुढचं आत्ताच नका वाचू." मी बोट मागे घेतलं. का, ते विचारायची माझी छाती नव्हती.

पर्युषण आलं. काकाजींच्या क्षमा मागण्याबद्दल वेगळं लिहावं लागेल इतकी ती न्यारी आहे. पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळेच जैन एकमेकांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. काकाजी मात्र नुसते शब्द म्हणून मोकळे होत नाहीत. ते चूक सांगतात. पोस्टमनला सांगतात, "श्रावणात तुम्ही उन्हात उभे होते आणि मी पान संपेपर्यंत वर बघितलं न्हाई." समोरच्या पानवाल्याला सांगतात, "तुमच्या रेडिओला मी मनात शिव्या दिल्या. तीनदा." गेल्या वर्षी ते मला म्हणाले होते, "टाकीचं पाणी एका सकाळी उशिरा सोडलं आणि लाइट नव्हती म्हणून सांगितलं. लाइट होती. मी वाचत होतो." तेव्हा मी हसून "असू द्या हो" म्हणालो होतो, मोठ्या मनाच्या माणसासारखा.

या वर्षी ते वर यायच्या आत मी खाली गेलो. काकाजी सामायिकात होते. वाळूची घडी नुकतीच उलटी केलेली दिसत होती. दारातून परत फिरलो असतो तर पुन्हा आलो नसतो, म्हणून उंबऱ्याशी बसलो. वाळू पडत होती. काकाजींची नजर त्या नऊ ओळींवर होती, आणि माझी त्यांच्यावर. उपवासानं त्यांचा चेहरा उतरला होता, पण नजर अशी होती जणू ते पान आजच उघडलंय. अठ्ठेचाळीस मिनिटं किती लांब असतात हे माझ्या वर्गातल्या मुलांना माहीत असेल. मला त्या दिवशी कळलं.

वाळू संपली. त्यांनी पाठ म्हणून सामायिक पूर्ण केलं, मुहपत्ती सोडली आणि माझ्याकडे वळले. आम्ही दोघांनी एकदमच हात जोडले. मी तोंड उघडण्याआधी तेच बोलले.

"सर, ह्या वर्षी तुमच्याबाबतीत माझी मोठी चूक झाली. तुम्ही जळून राह्यले होते आणि मी बघून राह्यलो होतो. एका शब्दानं तुम्हाला मोकळं करता आलं असतं. मी केलं न्हाई. वाटलं, तुम्हीच बोलाल. पण वाट बघता बघता त्याचा सूड झाला का काय, ते मला सांगता येईना. त्याची क्षमा करा."

माझे जोडलेले हात तसेच राहिले. "काकाजी, म्हणजे तुम्हाला..."

"पाटीला वास आल्ता," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एरंडेल आणि निंबाचा पाला. मंठ्यात मे महिन्यात असा वास एकाच ठिकाणी असतो सर, गव्हाच्या कोठीत." आणि मग अगदी हळू, "स्पिरिटचाबी होता."

मी खाली बघत म्हणालो, "मग आता मी काय सांगू? तुम्हाला सगळं माहीत आहे."

"मला माहिती हाय म्हणून तुम्ही सांगायचं न्हाई, असं थोडंच हाय? मी ऐकतो. तुम्ही सांगा. मंग संध्याकाळी पुढचं पान वाचू. तो नावेतला माणूस काय विचारतो, ते मलाबी पायजे."

आतून काकीजींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. बाहेर कुणीतरी शटरवर टकटक करत होतं, कुठला तरी बंद झालेला तुकडा फडक्यात घेऊन आलेलं असणार. काकाजी तिकडे वळले नाहीत. त्यांच्यासारखंच एकेक करून मी सांगायला लागलो. पाटी मी कूलरवर ठेवली. ती माझ्या बादलीनं पाण्यात पडली. मी ती एरंडेल लावलेल्या गव्हात पुरली. तिचं वय झालं नव्हतं. ती आपोआप बंद पडली नाही. आष्टीच्या रस्त्यावर दोनदा सांगायचं ठरवलं आणि दोनदा खड्ड्याचं नाव पुढे केलं. तुम्ही नवी पाटी माझ्या हातात ठेवली तेव्हाही गप्प राहिलो, आणि रोज तुमच्याशेजारी बसून वाचत राहिलो. त्यांचा तो क्षमेचा प्राकृत शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण तो उसना वाटला. म्हणून आमच्या घरात लहानपणापासून जो म्हणतात तोच म्हणालो, पन्नाशीतला असून वर्गातल्या मुलासारखा.

"काकाजी, माझं चुकलं."